भुसावळातला बर्फ

वेणूताईंनी कागदाची घडी उलगडली आणि त्याचे तुकडे त्यांच्याच मांडीवर पडले.

ताईंच्याच घरातल्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली चिमणघर बालवाडीची सगळी पिल्लं टकामका बघत राहिली. आत्ता, अगदी आत्ताच ताईंनी त्यांना बजावलं होतं, "हे बघा, कागद असा दुमडायचा, मग असा, मग पुन्हा असा. ही झाली मिटलेली बाजू. ही बाजू म्हणजे आई. आईने सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं, म्हणून आईला पुरतं कापायचं नाही. बाकी कुठेही कात्री चालवा." आणि एवढं सांगून त्यांनी कात्री चालवली ती नेमकी आईवरच.

"ताई, तुमचं फूल तुटलं!" ओजस नेहते ओरडला. या पोराला दुसऱ्याचं चुकलेलं सगळ्यात आधी दिसायचं. मोठेपणी ऑडिटर होणार, असं मी त्याच्या आईला सांगून ठेवलं होतं.

"तुटलं नाही रे सोन्या, वितळलं!" ताई म्हणाल्या. "भुसावळातला बर्फ आहे हा. किती टिकणार?"

पोरं खिदळली. मीही हसले. ताईंची सून हर्षा तेवढी हसली नाही. तिने वाकून ते तुकडे ओढणीत गोळा केले, दुसरा कागद स्वतः दुमडला, त्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि सासूच्या हातात दिला.

"आई, या रेघांवरून कापा."

मला असा राग आला म्हणता! ज्या बाईने अर्ध्या गावाला कात्री धरायला शिकवलं, तिला ही कालची पोरगी रेघा मारून देणार?

माझी एक खोड आधीच सांगते. बालवाडीत मदतनीस म्हणून यायच्या आधी मी पतपेढीत काउंटरवर बसायची. पतपेढी बंद पडली, पण सवय गेली नाही. माणूस समोर आला की मी त्याला मनातल्या मनात जमेला तरी टाकते, नाहीतर नावे तरी. वेणूताई भंगाळे जमेला. एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण नावे टाकण्यासारखं एकच सापडलं होतं, की त्या स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसायच्या. गावातल्या कुठल्याही बाप्याला रस्त्यात थांबवून "तू चड्डी ओली करायचास तो बबन ना?" असं विचारायची त्यांची टाप होती, आणि तो बबन आता तहसीलला असला तरी वाकून पायाच पडायचा.

हर्षा मात्र नावे. लग्न होऊन आली तेव्हा बरी वाटली होती. पण गेल्या पावसाळ्यापासून तिने सासूची पाठच धरली होती. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की ही आत जाऊन गॅसचं बटण बघणार. ताईंनी कुणाला काही सांगितलं की ही त्या माणसाला बाजूला घेऊन पुन्हा विचारणार, "आईंनी नक्की काय सांगितलं?" ताई बाजारात निघाल्या की हिच्या पायात चपला. ताई थट्टेने म्हणायच्या, "माझी सून म्हणजे माझी सीआयडी." मी हसायची, पण मला पक्कं कळलं होतं. पोरगी घराच्या किल्ल्या हातात घ्यायच्या तयारीत आहे.

त्यात ती लाल लोकर. जिथे तिथे बांधून ठेवायची. फिनेलच्या बाटलीला लाल लोकर, माळ्यावर जायच्या दाराला लाल लोकर, कपड्याच्या निळीच्या डबीलासुद्धा. एकदा मी विचारलं, "काय गं, तुमच्या घरात बाटल्यांनाही नजर लागते वाटतं?"

"असू द्या काकू," ती म्हणाली. "माझ्या लक्षात राहत नाही कुठलं काय."

विसराळूपणाचीही एक नोंद मी तिच्या नावे टाकली.

आता भुसावळात बर्फ कुठून आला, ते सांगते. आमच्या गावात मे महिन्यात डांबराला चपला चिकटतात. बर्फ आम्ही पाहिलेला तो मासळीबाजारात पाटीवर, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर भुश्यात गुंडाळलेला. पण त्या वर्षी मागच्या गल्लीत काचेच्या दाराची नवी प्ले-स्कूल उघडली होती, आणि त्यांनी नाताळच्या आधी 'स्नो पार्टी' जाहीर केली होती. मग आमचे पालक कुजबुजायला लागले. ओजसची आई तर फाटकाशी उभी राहून म्हणाली, "ताई, आमचे हे म्हणतात, जूनपासून तिकडेच टाकू. इथे सगळं जुनंच चालतं. आणि परवा मला हॉलमध्ये झुरळ दिसलं हो."

एकेक करून पोरं गेली तर चिमणघराला जूनमध्ये कुलूपच लागायचं, हे सांगायला पतपेढीत बसायला लागत नव्हतं.

ताईंनी पदर खोचला. "आपण पण बर्फ पाडू. त्यांच्या काय बापाचा आहे का बर्फ? शनिवारी सगळ्या आईबापांना बोलवा. काय बघायचं ते डोळ्यांनी बघा म्हणावं, आणि मग ठरवा जूनचं."

आठवडाभर आमचा कारखाना चालला. आइस्क्रीमच्या काड्या एकमेकींवर चिकटवून चांदण्या केल्या, त्यांवर डिंक लावून पोरांनी साबुदाणा पेरला. कापसाचे ढग झाले. कान कोरायच्या काड्या पांढऱ्या रंगात बुडवून निळ्या कार्डावर ठिपके उमटवले. आणि कागदाची फुलं तर विचारूच नका. पोरांच्या हातांना घडी नीट जमत नव्हती, त्यामुळे एकासारखं दुसरं नव्हतं. "खऱ्या बर्फाचंही असंच असतं म्हणे," ताई म्हणाल्या, "त्यातही कुणाचं तोंड कुणासारखं नसतं."

खाऊचा बेतही पांढराच होता. लहान इडल्या एकीवर एक ठेवून बर्फाचा बुटका माणूस, गाजराचं नाक, मिरीचे डोळे. साबुदाण्याच्या तळलेल्या पापड्या. आणि मुख्य म्हणजे बर्फाचे गोळे. दुधाची पावडर, पिठीसाखर आणि खोबऱ्याचा बारीक कीस मळून लिंबाएवढे वळलेले. शुक्रवारी दुपारी वर्ग सुटल्यावर ते मी आणि ताईंनी मिळून वळले. वेलची मी माझ्या हाताने कुटून घातली.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हर्षा वेगळेच गोळे वळत होती. मैदा, पिठीसाखर, दूध आणि बोरिक पावडर. झुरळांचं औषध. आमच्याकडे घरोघर करतात, नवीन काही नाही. आईबाप येणार, त्यांच्यासमोर एकही झुरळ मिशा हलवत निघायला नको.

दोन्हींचा रंग पांढरा, आकार सारखा. मी म्हटलंही, "हर्षे, जरा लांब बस गं बाई."

"म्हणून तर," ती म्हणाली. आपले गोळे तिने एका कडीच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि कडीला लाल लोकर बांधली, चांगली तीन गाठी मारून. आमचे गोळे त्याच्याच जोडीच्या डब्यात गेले. एकाच लग्नातल्या आहेराचे दोन डबे, दोन्हींच्या झाकणांवर ताईंच्या मामांचं नाव कोरलेलं.

"औषध कोपऱ्यात मी ठेवीन," ताई म्हणाल्या. "तुला कोपरे सापडत नाहीत."

"नको आई, मी ठेवते."

"घर माझं, झुरळं माझी!"

मी हसत हसत घरी गेले. सुनेच्या ताब्यात झुरळंसुद्धा जाऊ द्यायची नाहीत, म्हणजे ताई अजून भक्कम आहेत, असा हिशोब लावत गेले.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मीच तोंड वासून उभी राहिले. छतापासून पोरांच्या डोक्यांपर्यंत कागदी फुलंच फुलं, पंख्याच्या वाऱ्याने गिरक्या घेत होती. सगळी पांढऱ्या दोऱ्यावर, खिडकीजवळचं एक तेवढं लाल. दोरा संपला असेल, असं म्हणून मी पुढे गेले.

पालक एकजात आले होते. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली की कुणाचाच तोरा टिकत नाही. रेल्वेत साहेब असलेले नेहतेही अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे दिसत होते. ताईंनी पोरांकडून साबुदाण्याच्या चांदण्या दाखवल्या, ठिपक्यांची कार्डं वाटली. मग ताटात मांडलेले गोळे आणले आणि प्रत्येक पोराच्या हातात चहाची गाळणी दिली.

"आता बर्फ पाडा."

पोरांनी गाळणीतून पिठीसाखर पाडली. गोळ्यांवर, ताटांवर, एकमेकांच्या केसांवर. ओजसने वडिलांच्या बुटांवर पाडली. आणि नेहतेसाहेब हसले! मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या बायकोने तर मोबाईल काढून फोटो घेतले. मी मनात म्हटलं, जिंकलं. जूनचं काम झालं.

"शैला, पाणी आण गं," ताई म्हणाल्या. "आणि मुलांनो, मांडी घाला. श्लोक कोणाचा आज?"

"मुक्ताचा! मुक्ताची पाळी!" पोरं ओरडली.

नेहतेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मुक्ताची कीर्ती पालकांतही होती. ती पोरगी जेवणाआधीचा श्लोक म्हणायला लागली की एका शब्दानंतर फ्रॉकचं टोक पिरगाळायची, छताकडे बघायची, श्वास घ्यायची आणि मग दुसऱ्या शब्दाकडे वळायची. तोवर इडल्या गार.

"दुसरं कोणी म्हणू द्या की आज, ताई," ओजसची आई म्हणाली. "पाहुणे आहेत."

"पाळी म्हणजे पाळी," ताई म्हणाल्या. "आणि श्लोक संपेस्तोवर कुणी घास उचलायचा नाही. आईबापांनी पण नाही, साहेब!"

नेहतेसाहेबांनी तोंडाशी नेलेली पापडी खाली ठेवली. मी हसू दाबत स्वयंपाकघरात गेले.

माठातून पाणी काढायला वाकले, तेव्हा मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग दिसली. चांगली दाट, कामाला लागलेली. रांगेच्या टोकाला पांढरा गोळा. औषध लागू पडतंय म्हणायचं, असं म्हणून मी तांब्या बुडवला. आणि मला वास आला.

वेलचीचा.

मी तांब्या तसाच सोडला. गुडघ्यावर बसून तो गोळा मुंग्यांसकट उचलला आणि फोडला. आत खोबऱ्याचा कीस. वेलचीचे काळे दाणे, मी कुटलेले. सिलिंडरमागचा गोळा काढला, खोबरं. फडताळाखालचा काढला, खोबरं. त्यावर एक झुरळ बसलं होतं, माझ्या हाताला न भिता, आरामात जेवत.

मग औषध कुठे होतं?

बाहेरून मुक्ताचा आवाज आला. एक शब्द. मग थांबली. मग दुसरा.

मी कशी धावले, ते मला आजही सांगता येणार नाही. पायाने तांब्या उडाला, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. "हात खाली!" मी किंचाळले. "कुणी तोंडाला लावू नका! गोळे खाली ठेवा! सगळे!"

हॉल गारठला. मुक्ता अर्ध्या शब्दावर थांबली आणि तिने भोकाड पसरलं. बाकीच्या पोरांचे हात जोडलेले ते जोडलेलेच. प्रत्येकाच्या पुढ्यात कागदी ताटली, ताटलीत इडलीचा माणूस, पापडी आणि साखरेने माखलेला गोळा. मी नजर फिरवत गेले. गोळा आहे. आहे. आहे. आहे.

ओजसच्या ताटलीत नव्हता.

आणि ओजसचे गाल फुगलेले होते. तो चावत होता.

"थुंक! ओजस, थुंक आधी!" मी त्याच्यावर झेपच घेतली. जबडा धरला, तोंडात बोट घातलं. त्याची आई "अगं काय करतेय तू माझ्या लेकराला!" म्हणत माझा दंड ओढायला लागली. माझ्या हातात एक ओला, पांढरा लगदा आला.

कागद. बर्फाचं कागदी फूल.

"गोळा... गोळा कुठाय रे?"

पोराने रडतरडत चड्डीच्या खिशातून साखरेचा चिखल झालेला गोळा काढला. "पप्पांना ठेवला होता. आणि श्लोक संपेपर्यंत खाऊ नाही खायचा ना. म्हणून कागद खाल्ला."

मी तिथेच फतकल मारून बसले. हसू आलं की रडू, मलाच कळेना.

"काय आहे त्या गोळ्यांत?" नेहतेसाहेब उभे राहिले. "काय आहे, बोला!"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "बोरिक. झुरळांचं औषध."

"बाप्पा रे!" कुणीतरी ओरडलं, आणि मग जो गलका झाला तो विचारू नका. आयांनी पोरं उचलली, ताटल्या उधळल्या, कुणी नळाकडे धावलं, कुणी फोनकडे. त्या सगळ्या गोंधळात मी ताईंकडे पाहिलं. त्या ताटापाशी उभ्या होत्या, गाळणी हातात धरून, कपाळाला आठी घालून, जणू कुणी त्यांना अवघड उखाणा घातला आहे.

तेवढ्यात हर्षा पुढे आली. चेहरा त्या कागदासारखा पांढरा, पण आवाज स्पष्ट.

"माझ्याकडून झालं. डबे मीच बदलले. आईंना काही माहीत नाही."

ताईंची आठी सुटली. उत्तर सापडल्यासारखी त्यांनी मान वर केली, आणि सगळ्या पालकांसमोर त्या सुनेवर अशा बरसल्या की मीसुद्धा दचकले. "डोकं ठिकाणावर असतं का तुझं? लेकरांचा जीव गेला असता! लक्ष कुठे असतं दिवसभर? नुसती माझ्या मागे मागे फिरतेस, आणि काम करायची वेळ आली की हे!"

"चुकलं आई."

"चुकलं म्हणून भागतं का?" नेहतेसाहेब म्हणाले. "ही बाई या वर्गात राहणार असेल तर सोमवारी एकही मूल येणार नाही. मी सांगतो तुम्हाला."

"येणारच नाही ती," ताई म्हणाल्या. "सोमवारपासून ही हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. माझा शब्द."

हर्षाने मान हलवली.

गल्लीतले डॉक्टर आले, एकेका पोराची जीभ, डोळे बघून गेले. कुणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. मुक्ताची पाळी होती म्हणून. त्या पोरीला मी रोज "पटपट गं बाई" म्हणायची.

पालक गेले. जाताना ओजसची आई हळूच म्हणाली, "ताई बिचाऱ्या देवमाणूस. सूनच तसली मिळाली." मी मान डोलावली. मला खरंच तसंच वाटत होतं. ताई आत जरा आडव्या झाल्या. मी सगळे गोळे एका परातीत गोळा करून स्वयंपाकघरात आणले. हर्षा ओट्याला टेकून उभी होती.

"अगं, लोकर बांधली होतीस ना?" मी म्हटलं. "माझ्यासमोर तीन गाठी मारल्यास. मग डबे बदललेच कसे?"

तिने दारातून हॉलकडे नुसता हात केला. खिडकीजवळ ते एक फूल फिरत होतं. लाल लोकरीवर.

"काल संध्याकाळी पांढरा दोरा संपला," ती म्हणाली. "मी सिलिंडरवाल्याशी फाटकात बोलत होते. तेवढ्यात आईंनी कडीची लोकर सोडून घेतली. औषधही ठेवून टाकलं. मी आत आले तर कोपऱ्यांत पांढरे गोळे दिसत होते. मी वाकून बघितलं नाही काकू. आणि सकाळी उठून बघते तर गोळे ताटात काढून झालेले, दोन्ही डबे घासून पालथे घातलेले."

"म्हणजे ताईंनी..." मला वाक्य पुरं करवेना. "घाईत होतं गं असं. कुणाचंही."

"घाईत?" हर्षा माझ्याकडे बघत राहिली. "काकू, तुम्ही रोज इथे असता. फूल कापताना बघितलंत ना? पावसाळ्यात गॅस तसाच सोडून झोपल्या होत्या. दिवाळीत यांना बघून विचारलं, तुम्ही कोण म्हणून. पोटच्या मुलाला. भाजी आणायला गेल्या आणि स्टेशनवर बसून राहिल्या, माहेरच्या गाडीची वाट बघत. माहेरी आता आहे कोण? मी मागे गेले नसते तर..."

माझ्या पायाखालची फरशी सरकली असं म्हणतात ना, तसं नाही झालं. फरशी जागेवरच होती. फक्त तिच्यावरचं सगळं, गॅसच्या बटणापाशी जाणारी हर्षा, चपला घालून मागे धावणारी हर्षा, रेघा मारणारी हर्षा, माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूहून उठून दुसऱ्या बाजूला गेलं.

"मग सांगितलं का नाहीस? तुझ्यावर का घेतलंस?"

"काय सांगू? संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, वेणूताईंनी पोरांना विष घातलं म्हणून. माझं काय! सुनेला नावं ठेवायला गावाला कारण लागत नाही." तिने डोळे पुसले. "मार्चपर्यंत न्यायचं ठरवलं होतं मी. संमेलन करायचं, हार घालायचा, ताई दमल्यात म्हणून सांगायचं आणि पाटी उतरवायची. तोवर प्रत्येक डब्यावर माझी नजर आहे, असं वाटलं होतं. पण आज... आता एक दिवसही नाही काकू. सोमवारी दार उघडायचं नाही. तुम्हीच सांगा सगळ्यांना, हर्षामुळे बंद केलं म्हणून."

मागे पावलं वाजली. ताई दारात उभ्या होत्या. केसांत पिठीसाखर, चेहरा झोप झालेल्या मुलासारखा ताजा. सुनेकडे बघून त्या एकदम पुढे आल्या.

"काय झालं गं? डोळे का लाल तुझे?" त्यांनी पदराने हर्षाचे गाल टिपले. "कोण बोललं तुला? नाव सांग फक्त. ती ओजसची आई ना? तिच्या जिभेला हाड नाही. थांब, बघतेच मी तिच्याकडे."

मला वाटलं, थट्टा आहे. त्या आता हसतील, नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी. मी वाट बघत राहिले.

"कुणी नाही बोललं, आई."

"मग रडायचं नाही. सणासुदीचं घर आहे." त्यांची नजर ओट्यावरच्या परातीकडे गेली. "अगं, गोळे उरले वाटतं!" आणि माझा हात पुढे यायच्या आत त्यांनी एक गोळा उचलून हर्षाच्या ओठांशी नेला. "आ कर. तोंड गोड कर बघू."

हर्षाने सासूचं मनगट धरलं. हिसका नाही, घाई नाही. रोज करत असल्यासारखं.

"आज माझा उपास आहे, आई. शनिवार ना."

"मग शैला, तू घे."

"माझाही आहे, ताई," मी म्हणाले.

"दोघींचा? मारुती पावला म्हणायचा या घराला!" त्या हसल्या, आणि तो गोळा स्वतःच्या तोंडाकडे नेऊ लागल्या.

"तुमचाही आहे, आई," हर्षा म्हणाली.

"माझाही?"

गोळा अधांतरी राहिला. ताईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताच्या बोटांकडे, जी परातीच्या काठावर घट्ट वळली होती. त्यांनी सावकाश गोळा परातीत परत ठेवला. बोटांना लागलेली पांढरी पूड त्या बघत राहिल्या. हॉलमध्ये पंखा कुणी बंद केला नव्हता. फुलं कागदाच्या आवाजात फिरत होती.

"हर्षा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी काही केलं का गं?"

हर्षाच्याने आणखी एक खोटं बोलवेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही ताई," मी म्हणाले. "दोन डबे सारखे होते, एवढंच."

"सारखेच आहेत ते," ताई तात्काळ म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "माझ्या बहिणीच्या, पद्माच्या, लग्नातले. सावद्याच्या मामांनी दिलेले. जोडीला एक चहाची गाळणीही होती."